निदानाचा अधिकार : ‘सर्च’ आणि बालकांचा न्यूमोनिया

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास म्हटला की स्थापना, जागा, इमारत, सन्मान या क्रमाने तो लिहिण्याची रीत आहे. ‘सर्च’चा इतिहास त्या रीतीने चार ओळींत आटोपतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथे आले आणि संस्था सुरू झाली. १९९३ मध्ये धानोरा रस्त्यावर चातगावजवळ संस्थेचे शोधग्राम उभे राहिले. पुढे २००३ मध्ये महाराष्ट्र भूषण आणि २०१८ मध्ये पद्मश्री. हे सगळे खरे असले तरी संस्थेने नेमके काय केले हे त्यातून कळत नाही. म्हणून इथे तिचे एकच काम घेतले आहे : पाच वर्षांखालच्या मुलांमधला न्यूमोनिया गावातच ओळखणे आणि गावातच त्यावर उपचार करणे. गडचिरोलीतले बालमृत्यू घटले याचे श्रेय आपण सहसा प्रतिजैविकाच्या गोळीला देतो, नाहीतर कार्यकर्त्यांच्या सेवाभावाला. दोन्ही कारणे अपुरी आहेत. गोळी तर आधीपासून बाजारात होती आणि सेवाभाव अनेक संस्थांत होता. गडचिरोलीत निदान करण्याचा अधिकार गावातल्या माणसाकडे गेला, आणि त्या अधिकाराचा हिशेब मांडणारी मृत्यूची नोंदही सोबत गेली. या दोन गोष्टी एकत्र गेल्या म्हणून फरक पडला, आणि पुढे जिथे त्या वेगळ्या झाल्या तिथे कामाची धार बोथट झाली, असे या लेखाचे म्हणणे आहे.

न्यूमोनियाचे निदान म्हणजे स्टेथोस्कोप आणि क्ष-किरण, ही समजूत वैद्यकीय महाविद्यालयात पक्की होते आणि तिथे ती योग्यही आहे. पण ज्या गावातून दवाखान्यात पोचायला अख्खा दिवस मोडतो, तिथे या साधनांवर विसंबून राहणे म्हणजे निदान न करणेच. पर्याय शोधण्याची सुरुवात गडचिरोलीच्या आधीच झाली होती. पंजाबात नारंगवाल इथे कार्ल टेलर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या प्रयोगात डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेविकांनी न्यूमोनियाच्या मुलांना पेनिसिलिन दिले होते आणि मृत्यू कमी झालेले दिसले होते. पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन यांनी १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात दाखवले की खोकणाऱ्या मुलाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो आणि छाती आत ओढली जाते का, एवढ्या दोन गोष्टी पाहून कोणाला औषध द्यायचे आणि कोणाला रुग्णालयात न्यायचे हे बऱ्यापैकी ठरवता येते. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये हीच खूण वयानुसार तपासली. त्यातून पुढे जगभर रूढ झालेल्या मर्यादा आल्या : दोन महिन्यांखालच्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५०, आणि एक ते पाच वर्षे ४०. यामागचे शरीरशास्त्र सोपे आहे. सुजलेले फुप्फुस ताठ होते, एका श्वासात पुरेशी हवा घेऊ शकत नाही, म्हणून मूल श्वासांची संख्या वाढवते. ताठरपणा आणखी वाढला की श्वास आत घेताना फुप्फुस फुलण्याऐवजी बरगड्यांखालची मऊ भिंतच आत खेचली जाते. घरातल्या बायका ‘धाप लागली’, ‘पोट उडतंय’ असे म्हणतात ते याच दोन खुणा पाहून. म्हणजे खूण गावाला माहीत होती. ती मोजायची कशी आणि मोजल्यावर करायचे काय, हे ठरायचे बाकी होते.

१९८८ मध्ये ‘सर्च’ने हे ठरवायला घेतले. ५८ गावांत, शून्य ते चार वर्षांच्या ६१७६ मुलांमध्ये, पालकांना न्यूमोनियाची लक्षणे समजावून सांगितली गेली आणि निमवैद्यकीय कर्मचारी, गावातले आरोग्य कार्यकर्ते व दाया अशा तिघांनाही श्वास मोजून को-ट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक द्यायला शिकवले गेले. शेजारच्या ४४ गावांतली ३९४७ मुले तुलनेसाठी होती. या तिघांत दाया हा सर्वांत धाडसी भाग. त्यांपैकी बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते आणि दहाच्या पुढे मोजणेही अवघड जात होते. त्यांच्यासाठी संस्थेने श्वासमापक बनवला. लाकडी चौकटीत एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. घटिका उलटी करायची, बाळाचे झबले वर करून पोटाकडे पाहायचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून मोजायचे. लहान बाळासाठी एक ओळ, मोठ्या मुलासाठी दुसरी. वाळू संपायच्या आत शेवटच्या लाल मण्याशी पोचलो तर न्यूमोनिया. यात आकडा लिहायचा नाही, वाचायचा नाही, बेरीज करायची नाही. उपकरणापेक्षाही कठीण असतात त्याभोवतीचे नियम. रडणाऱ्या मुलाचे श्वास मोजायचे नाहीत, अंगावर पीत असेल तर थांबायचे, अर्धे मिनिट मोजून संख्या दुप्पट करायची नाही, कारण नवजात बाळाचा श्वास मधूनच थबकतो आणि मग भरभर चालतो. त्याचा आकडा ६०च्या वर आला तर पुन्हा एकदा पूर्ण मिनिट मोजायचे. पुढे दायांचे काम वेगळे तपासले गेले, तेव्हा ते इतर दोघांच्या तोडीचे निघाले. साक्षरता हीच पात्रता मानणाऱ्या आपल्या भरतीच्या नियमांना हा निष्कर्ष अजून पचलेला नाही, हे जाता जाता नोंदवायला हवे.

या प्रयोगाचा अहवाल १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यातला सर्वांत जास्त उद्धृत होणारा आकडा असा : कार्यकर्त्यांनी हाताळलेल्या ६१२ न्यूमोनियांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के, तर तुलनेच्या गावांत १३.५ टक्के. हा आकडा डोळे दिपवतो, पण माझ्या मते तो या कामाचा सर्वांत भक्कम पुरावा नाही. कार्यकर्त्यांना भरभर श्वास शोधायला शिकवले की सौम्य आजारही न्यूमोनियात धरले जातात, छेद फुगतो आणि टक्केवारी आपोआप घसरते. खरा कस लागतो तो निदानावर अवलंबून नसलेल्या आकड्यावर. गावातल्या एकूण मुलांमागे किती मेली? इथे उत्तर असे आहे की न्यूमोनियाने होणारे मृत्यू दर हजार मुलांमागे प्रयोगाच्या गावांत ८.१ आणि तुलनेच्या गावांत १७.५ होते. सर्व कारणांचे मिळून २८.५ विरुद्ध ४०.७. दोन्ही फरक शेजारी ठेवले की एकूण घटीतला सुमारे तीन चतुर्थांश भाग न्यूमोनियाच्या घटीने भरून निघतो. इतर कारणांचे मृत्यू दोन्हीकडे जवळपास सारखेच राहिले. औषधाचा खर्च दर मुलामागे वर्षाला अडीच अमेरिकी सेंट, आणि वाचलेल्या एका जिवामागे २.६४ डॉलर. आता हाच फरक ६१७६ मुलांवर मांडून पाहावा. हजारी ९.४ म्हणजे वर्षाला सुमारे अठ्ठावन्न मुले. गावे अठ्ठावन्न. म्हणजे सरासरीने गावामागे वर्षाला एक मूल. बालमृत्यू नेहमीचेच असलेल्या गावाला वर्षात एक मृत्यू कमी झाल्याचे जाणवतही नाही. कार्यकर्त्यालाही जाणवत नाही. शंभर गावांतला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू टिपला, मृत्यूमागचे कारण घरच्यांना लक्षणे विचारून ठरवले आणि दोन्ही बाजूंच्या नोंदी एकाच मापाने तपासल्या, तेव्हाच तो दिसला. म्हणून नोंदीला मी निदानाइतकेच महत्त्व देतो. निदान करणाऱ्या दाईचे बरोबर की चूक हे तिला सांगू शकणारी दुसरी कोणतीच यंत्रणा तिथे नव्हती.

या पुराव्यावर पहिला आक्षेप शास्त्रज्ञांचा आहे आणि तो रास्त आहे. गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. एका बाजूची गावे मुळातच जरा बरी असतील तर फरक कामाचा की नशिबाचा हे कसे सांगणार? याला दोन उत्तरे आहेत. गावे मुळात बरी असती तर जुलाबाचे, तापाचे, कुपोषणाचे मृत्यूही तिथे कमी दिसायला हवे होते, आणि ते लक्षणीय कमी नव्हते. फरक जिथे काम झाले प्रामुख्याने तिथेच पडला. दुसरे म्हणजे गडचिरोली एकटी राहिली नाही. नेपाळमधल्या जुमला जिल्ह्यात, पाकिस्तानात अबोटाबादला आणि इतरत्र याच धर्तीचे प्रयोग झाले. सुनील सझावल आणि रॉबर्ट ब्लॅक यांनी २००३ मध्ये अशा प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलांचे एकूण मृत्यू २४ टक्क्यांनी आणि न्यूमोनियाचे मृत्यू ३६ टक्क्यांनी घटल्याचे निघाले. गडचिरोलीतली घट यापेक्षा मोठी आहे. तिथे सुरुवातीचे मृत्यू फार होते आणि देखरेख कडक होती. ज्या जिल्ह्यात रुग्णालय जवळ आहे तिथे तेवढ्या घटीची अपेक्षा ठेवूच नये.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. भरभर श्वास म्हणजे न्यूमोनियाच असे नाही. ताप चढला तरी श्वास वाढतो, दम्याच्या प्रवृत्तीच्या मुलाचा वाढतो, आणि गडचिरोलीसारख्या भागात मलेरियानेही वाढतो. मग कार्यकर्ता अनेक मुलांना गरज नसताना प्रतिजैविक देणार, आणि जंतू औषधाला सरावणार. हे होतेच. को-ट्रायमॉक्साझोलची जागा आता अमॉक्सिसिलिनने घेतली त्यामागे औषधाला दाद न देणारे जंतू हेही एक कारण होते. पण या आक्षेपाचा तराजू नीट धरावा लागतो. एका पारड्यात अनावश्यक गोळ्या आहेत. दुसऱ्या पारड्यात, १९८८च्या गडचिरोलीत, तुलनेच्या गावांतल्या दर सात-आठ न्यूमोनियांमागे एक मृत्यू होता. कार्यकर्त्याच्या निदानाची तुलना शहरातल्या बालरोगतज्ज्ञाच्या निदानाशी करणे अन्यायाचे आहे. त्या गावात दुसरा पर्याय होता तो मांत्रिकाचा, किंवा सलाइन लावणाऱ्या फिरत्या डॉक्टरचा, किंवा काहीच न करण्याचा. मात्र आज परिस्थिती तशीच आहे असे म्हणणेही चूक ठरेल. २०११ पासून टप्प्याटप्प्याने हिब जंतूविरुद्धची लस पेंटाव्हॅलंट या एकत्रित लसीतून आली, २०१७ पासून न्यूमोकोकसची लस येऊ लागली आणि २०२१ मध्ये ती देशभर पोचली. मुलांना मारणारे दोन मुख्य जंतूच मागे हटले की भरभर श्वास घेणाऱ्या मुलांत विषाणूंचा वाटा वाढतो. तरीही खूण निकामी झालेली नाही. कराचीत झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फक्त भरभर श्वास असलेल्या मुलांना अमॉक्सिसिलिन किंवा निव्वळ गोड औषध दिले गेले. उपचार फसण्याचे प्रमाण अमॉक्सिसिलिनमध्ये २.६ टक्के आणि गोड औषधात ४.९ टक्के निघाले. दोन्ही आकडे लहान आहेत, फरकही लहान आहे, पण तो शून्य नाही. माझा निष्कर्ष असा की लस पोचलेल्या, दवाखाना जवळ असलेल्या भागात हा नियम सैल करायला वाव आहे. डोंगराआड आणि नदीपलीकडे तो नाही.

गंभीर न्यूमोनियाचा प्रश्न याहून वेगळा आहे आणि संस्थेच्या इतिहासात तोच सर्वांत बोधक आहे. जुन्या नियमाप्रमाणे छाती आत जाऊ लागली की न्यूमोनिया गंभीर, आणि कार्यकर्त्याने मुलाला रुग्णालयात पाठवायचे. कागदावर हे निर्विवाद दिसते. प्रत्यक्षात पावसाळ्यात नाला भरलेला असतो, बापाची मजुरी बुडते, मोठी भावंडे घरी एकटी राहणार असतात, आणि मागच्या खेपेला रुग्णालयात नेलेले मूल परत आलेले नसते. पालक ‘नाही’ म्हणतात. त्या ‘नाही’नंतर नियमाजवळ शब्द संपतात. ‘सर्च’ने या जागी माघार घेतली नाही. आधी न्यूमोनियाच्या कामात नवजात बाळांवरही, पालक रुग्णालयात नेत नसतील तेव्हा, गावातच उपचार केले. मग १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा सुरू केली. तिथे आरोग्यदूत स्त्रिया सेप्सिस, म्हणजे रक्तातला, मेंदूच्या आवरणातला किंवा फुप्फुसातला जंतुसंसर्ग, ठरलेल्या खुणांवरून ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने को-ट्रायमॉक्साझोल देत. सेप्सिस झालेल्या बाळांतले मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला, आणि डिसेंबर १९९९ मध्ये हेही ‘लॅन्सेट’मध्ये आले. गावातल्या बाईच्या हाती इंजेक्शनची सुई हे तेव्हा अनेक बालरोगतज्ज्ञांना अघोरी वाटले होते. त्या भीतीला उत्तर वादाने देण्यात अर्थ नव्हता. प्रत्येक बाळाच्या पत्रकात इंजेक्शन कधी दिले, गाठ आली का, वजन किती भरले, हे लिहिलेले होते आणि पर्यवेक्षक ते तपासत होता. तेच उत्तर पुरले.

मोठ्या मुलांच्या बाबतीत गंभीर न्यूमोनियाची ही गाठ पाकिस्तानात सुटली. हरिपूर जिल्ह्यात ‘लेडी हेल्थ वर्कर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेविकांनी छाती आत जाणाऱ्या मुलांना पहिला डोस देऊन पाठवण्याऐवजी घरीच अमॉक्सिसिलिनचा पूर्ण कोर्स दिला. उपचार फसण्याचे प्रमाण पाठवलेल्या मुलांत १८ टक्के होते, घरी उपचार झालेल्यांत ९ टक्के. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्यानंतर लवकरच जागतिक आरोग्य संघटनेने वर्गवारी बदलली. छाती आत जाणे आता घरी औषध देण्याजोगा न्यूमोनिया, आणि पाणी पिता न येणे, झटके, गुंगी, प्रत्येक गोष्ट उलटून पडणे अशी धोक्याची लक्षणे असतील तरच तो गंभीर. घरी उपचाराची ही मुभा प्रामुख्याने दवाखान्यातल्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यासाठी होती, गावातल्या कार्यकर्तीबाबत देशोदेशी हात आखडताच राहिला. तरी आजार तोच असताना त्याचे नाव बदलले, यातून एक गोष्ट उघड होते. ‘गंभीर’ ही पाटी केवळ फुप्फुसावर लावलेली नसते. ती रुग्णालय किती दूर आहे आणि कार्यकर्त्यावर किती विश्वास आहे यावरही लागलेली असते.

प्रसाराची हकिगत थोडक्यात सांगता येते. २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने महाराष्ट्रातले बालमृत्यू सरकारी नोंदीत किती दडलेले आहेत हे पुढे आणले. त्याच सुमारास ‘अंकुर’ प्रकल्पात राज्यातल्या सात ठिकाणी इतर संस्थांनी नवजात सेवेची ही पद्धत वापरून पाहिली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर गावोगावच्या आशा कार्यकर्त्या आल्या आणि २०११ पासून घरोघरी नवजात सेवा त्यांच्या कामात देशभर समाविष्ट झाली. संस्थेच्या दृष्टीने हा मोठा विजय आहे. पण देशभर गेले काय आणि मागे राहिले काय हे पाहिले पाहिजे. भेटी गेल्या, वजनकाटा गेला, तापमापी गेली. इंजेक्शन गेले नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्राने न्यूमोनियासाठी ‘सांस’ मोहीम सुरू केली तेव्हा आशाला अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देऊन मूल पुढे पाठवण्याची मुभा मिळाली. पहिला डोस देण्याइतके तिचे निदान विश्वासाचे आहे, पण दुसरा डोस देण्याइतके नाही, असा याचा अर्थ होतो. हे तर्काला धरून नाही.

इथे तिसरा आक्षेप येतो, आणि तो सहसा डॉक्टरांकडून नव्हे तर कामगार संघटनांकडून येतो. गरीब गावांसाठी अल्पशिक्षित, अल्पमानधनाची बाई आणि शहरासाठी तज्ज्ञ, ही दुय्यम व्यवस्था कायमची करण्याचा हा मार्ग नाही का? आशाला पगार नाही, मानधन आणि कामानुसार मोबदला आहे. सगळ्या ठरलेल्या नवजात भेटी पुऱ्या केल्या तर अडीचशे रुपये. तिच्याकडून निदान, औषध, नोंद आणि जबाबदारी यांची अपेक्षा ठेवायची आणि तिला कर्मचारी म्हणायचेही नाही, हे खरोखरच शोषण आहे, आणि गडचिरोलीच्या यशाचा दाखला देऊन ते झाकता येणार नाही. पण यावर उपाय तिचा अधिकार काढून घेण्यात नाही. अधिकार काढला तर बाई स्वस्तच राहते, आणि मूल पूर्वीसारखेच विनाउपचार. गडचिरोलीच्या प्रयोगात स्वस्त होते ते औषध. प्रशिक्षण, वारंवार भेट देणारा पर्यवेक्षक, पेटीत औषध संपू न देणारी साखळी आणि मृत्यूची स्वतंत्र नोंद यांत माणसांचे श्रम आणि पैसा गेला. वाचलेल्या जिवामागे २.६४ डॉलर हा आकडा फक्त गोळ्यांचा आहे, हे विसरून तो सरकारी सादरीकरणांत फिरला. त्यामुळे सगळे कामच तेवढ्यात होते असा समज पसरला. संस्थेच्या चाहत्यांनी हा समज खोडून काढायला हवा होता. तो पुरेसा खोडला गेला नाही.

आता साधने बदलत आहेत. वाळूच्या घटिकेच्या जागी श्वासांची गणती करणारी यंत्रे येत आहेत आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर स्वस्त झाला आहे. श्वास मोजून जे कळत नाही ते तो सांगतो : रक्तातला प्राणवायू ९० टक्क्यांच्या खाली गेला असेल तर गोळी पुरेशी नाही, प्राणवायूच हवा. म्हणजे कोणाला खरोखर न्यावेच लागेल हे तो छातीच्या हालचालीपेक्षा नेमके ठरवतो, आणि उगाच पाठवल्या जाणाऱ्या मुलांची संख्या कमी करू शकतो. लहान मुलाच्या थंडगार, हलणाऱ्या बोटावर त्याचे आकडे डळमळतात, मुलांच्या मापाचा चिमटा वेगळा लागतो आणि बॅटरी संपते, या अडचणी आहेतच. त्या सोडवता येतील. यंत्र आशाच्या पेटीत ठेवण्याआधी आदेशात दोन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. आकडा ९०च्या खाली आला आणि घरचे न्यायला तयार झाले नाहीत तर त्या रात्री तिने कोणते औषध, किती डोस, कोणाला विचारून द्यायचे. आणि ते मूल वाचले की गेले हे तिच्या गावाच्या नोंदीत कोण, किती दिवसांनी येऊन लिहिणार.